पेढी खाली, घर वर आणि मधली तार

महिन्याची दहा तारीख होती. जीएसटीआर-१ भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि सांगलीच्या पेठेतील आमच्या हळदीच्या पेढीवर दिवाणजी शेवटच्या बिलांच्या नोंदी संगणकावर उतरवीत होते. सायंकाळी सातच्या सुमारास एक नोंद जतन होता होता पडदा थबकला. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर हिशेबाच्या प्रणालीने कळविले की माहितीचा साठा बिघडला आहे. सकाळी पेन ड्राइव्हवर प्रत घेतलेली होती म्हणून अनर्थ टळला. तरी त्या दिवसाच्या साठ-सत्तर नोंदी दिवाणजींना रात्री अकरापर्यंत बसून नव्याने कराव्या लागल्या. दोन महिन्यांत असे घडण्याची ही तिसरी वेळ होती.

दोष कोणाचा याचा निकाल मात्र सात वाजून पाच मिनिटांनीच लागला. वरच्या मजल्यावर माझा पुतण्या मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. यंदा तो दहावीला आहे. आबांनी जिन्यातूनच हाक मारली, मोबाइल काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वाय-फायचा पासवर्ड बदलून घेतला. ‘तू वर खेळतोस आणि खाली धंदा अडतो,’ एवढेच ते म्हणाले. मुलगा उलट बोलला नाही, परंतु पुढचे तीन दिवस तो आजोबांसमोर जेवायलाही बसला नाही.

हे घरगुती प्रकरण येथे मांडावेसे वाटले, कारण आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची बांधणी अशीच आहे. तळमजल्यावर दुकान, मागे गोदाम आणि वर राहते घर. इंटरनेटची जोडणी एकच असते. ज्या दिवशी ती घेतली त्या दिवशी तार ओढणाऱ्या माणसाला जी खिडकी सोयीची वाटली तेथे राउटर बसतो आणि पुढे वर्षानुवर्षे तो तेथून हलत नाही. आमच्याकडे तो दिवाणखान्यात, दूरदर्शन संचाच्या शेजारी बसला. खाली पेढीवरचे दोन संगणक, बिले छापणारा प्रिंटर आणि गोदामातील चार कॅमेऱ्यांची नोंद ठेवणारी पेटी हे सारे त्या राउटरच्या लहरींवर विसंबून होते. मध्ये लोखंडी सळ्यांचा स्लॅब आणि जुन्या वाड्याच्या दीड-दीड फुटी भिंती. मोबाइलवर वाय-फायच्या दोन कांड्या दिसत, म्हणजे सर्व ठीक आहे असे आम्ही धरून चाललो होतो.

खरी तपासणी मुलानेच केली. दिवाणजींना त्याची दया आली होती. पेढीवरचा संबंध ज्या ज्या वेळी तुटे ती वेळ त्यांनी एका वहीत मांडून ठेवावी, असे दोघांत ठरले. आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी नऊ वेळा पुतण्या शाळेत किंवा शिकवणीला होता. उरलेल्या दोन्ही वेळा वहिनी स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हमध्ये काही गरम करीत होत्या. पेढीच्या संगणकाला लावलेले वाय-फायचे जुने यंत्र केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चाले आणि मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच लहरींवर अन्न तापविते. तिच्या दारातून निसटणारा अंश माणसाला अपायकारक नसला तरी दुबळ्या संकेतावर मात करण्यास पुरेसा असतो. स्वयंपाकघर पेढीच्या बरोबर डोक्यावर होते. आबांना तोंडी युक्तिवाद पटत नाहीत, पण वहीतील नोंद ते नाकारीत नाहीत. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, ‘मग यावर उपाय काय?’

उपाय एका तारेचा होता. वाय-फाय ही सोय आहे हे खरे, परंतु तिच्यावर कोणते ओझे टाकावे याचा विचार आपण क्वचितच करतो. हवेतील एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. बाकीच्यांना थांबावे लागते. जे यंत्र दूर आहे किंवा भिंतीआड आहे ते सावकाश बोलते आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत जवळची वेगवान यंत्रेही खोळंबतात. चित्रपट पाहताना क्षणभर खंड पडला तर बिघडत नाही. हिशेबाचे तसे नाही. माहितीचा साठा एका संगणकावर असेल आणि दुसऱ्या संगणकावरून त्यात नोंद लिहिली जात असेल, तर मध्येच तुटलेला संबंध अर्धवट लिहिलेले पान मागे ठेवून जातो. म्हणून जी यंत्रे जागची हलत नाहीत, म्हणजे पेढीचे संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्यांची पेटी आणि दूरदर्शन संच, ती तारेवर असावीत आणि हवा हिंडणाऱ्या मोबाइलसाठी मोकळी सोडावी. हा साधा विवेक आम्हाला साठ-सत्तर नोंदी गमावल्यावर सुचला.

आता प्रश्न असा की वरून खाली तार एकच आणता येणार होती आणि खाली जोडायची यंत्रे होती चार. प्रत्येकासाठी स्वतंत्र तार आणायची तर भिंतीला चार भोके पडली असती, आणि राउटरच्या मागे तितकी मोकळी छिद्रेही नव्हती. एका तारेचे अनेक फाटे करणारे यंत्र हवे होते. ते घरातच आहे, अशी आठवण माझ्या धाकट्या बंधूंना झाली. पेढीवर पहिल्यांदा दोन संगणक एकमेकांना जोडले तेव्हाची, आठ छिद्रांची राखाडी पेटी माळ्यावर पडून होती. तिच्यावर ‘हब’ असे लिहिले होते. झटकून जोडली तर दिवे लागले. सर्वांना समाधान वाटले आणि एक खर्च वाचला.

ते समाधान दोन दिवस टिकले. आता संबंध तुटत नव्हता, परंतु वर दिवाणखान्यात कोणी गोदामाची चित्रे उघडली की खाली बिल छापण्यास मिनिट-मिनिट लागू लागले. पेटीवरचा एक तांबडा दिवा सारखा लुकलुकत असे. दिवाणजी त्याला ‘कामाचा दिवा’ म्हणत. वस्तुतः तो टकरींचा दिवा होता.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण हब आणि स्विच या दोन पेट्या बाहेरून सारख्या दिसतात आणि बोलताना आजही एकीला दुसरीचे नाव दिले जाते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील संगणक रेडिओ लहरींनी जोडले. त्या जाळ्याचे नाव अलोहा. दोन केंद्रे एकाच वेळी बोलली की दोघांचेही शब्द वाया जात. मग प्रत्येकाने काही काळ थांबून पुन्हा बोलायचे, अशी रीत होती. या कल्पनेवरून स्फूर्ती घेऊन १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी तारेवर चालणारे जाळे योजिले आणि प्रकाश वाहून नेणाऱ्या ज्या ‘ईथर’ची कल्पना जुने शास्त्रज्ञ करीत, त्यावरून त्याला ‘ईथरनेट’ असे नाव दिले. आपल्या घरातील तारेची जोडणी आजही त्याच नावाने ओळखली जाते. तारेची रीत मुळात बिनतारी जाळ्यावरून घेतलेली आहे, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटली.

हब ही त्या जुन्या रीतीची पेटी. तिला स्वतःची अशी बुद्धी नसते. एका छिद्रातून जे आत येईल ते ती जसेच्या तसे बाकीच्या सर्व छिद्रांतून बाहेर पाठविते. बिल प्रिंटरसाठी निघाले तरी ते कॅमेऱ्यांच्या पेटीकडे जाते, दुसऱ्या संगणकाकडे जाते आणि वर राउटरकडेही जाते; ज्याचे असेल तो घेतो, बाकीचे टाकून देतात. तेवढ्यात दुसऱ्या कोणी बोलायला सुरुवात केली की टक्कर होते आणि दोघांना थांबून पुन्हा बोलावे लागते. आमच्या हबचा एकूण वेग सेकंदाला १० मेगाबिट होता आणि तोही सर्वांत मिळून वाटलेला. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला दोन ते चार मेगाबिट घेते. चार कॅमेऱ्यांचा हिशेब वाचकांनीच करावा. बिलाला वाट उरणार कुठून?

स्विच वेगळा. पूर्वी बाजारात सौदे दोन रीतींनी होत, हे जुन्या व्यापाऱ्यांना आठवत असेल. एक उघडा लिलाव, ज्यात एकाचा पुकारा सर्वांच्या कानी पडतो. दुसरा रुमालाखालचा सौदा, ज्यात बोटांच्या खुणा केवळ त्या दोघांनाच कळतात आणि शेजारी त्याच वेळी दुसरा सौदा चालू शकतो. हब हा लिलाव आहे आणि स्विच हा रुमाल. (येथे तुलना केवळ रीतीपुरती आहे.) प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. कोणत्या छिद्रातून कोणता पत्ता बोलतो हे स्विच पाहून ठेवतो, स्वतःची एक छोटी खतावणी तयार करतो आणि पुढे प्रत्येक निरोप ज्याच्या खात्यावर असेल त्याच्याच छिद्राकडे धाडतो. प्रत्येक छिद्राला पूर्ण वेग मिळतो आणि एकाच वेळी बोलणे व ऐकणे, दोन्ही चालते. टकरीचा प्रसंगच येत नाही.

पहिला ईथरनेट स्विच १९९० च्या सुमारास बाजारात आला. तो आणणाऱ्या कॅलिफोर्नियातील कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. त्यांनी आपल्या पत्नीचे नाव कंपनीला दिले. पुढे १९९४ मध्ये सिस्को या कंपनीने ती विकत घेतली आणि नाव मागे पडले. आपल्या पेढीच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या डबीच्या वंशावळीत एका स्त्रीचे नाव आहे, हे आमच्या घरातील स्त्रियांना विशेष आवडले.

तर हब माळ्यावर परत गेला आणि आठ छिद्रांचा गिगाबिट स्विच आला. पाच छिद्रांचा हजार रुपयांच्या आसपास मिळतो, आठांना काही अधिक लागतात. घेताना आज आहेत त्यांहून दोन-तीन छिद्रे जास्त घ्यावीत, कारण यंत्रे वाढतात. ‘व्यवस्थापित’ म्हणून जे महागडे प्रकार दाखविले जातात त्यांची लहान पेढीला गरज नसते. खरेदीतील अधिक मोठी फसगत तारेत आहे आणि तेथे आपल्यासारख्यांनी सावध असावयास हवे. बाजारात पुष्कळ स्वस्त तारा तांब्याचा पातळ थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. वरून त्या तांब्याच्याच दिसतात. मोळी उचलली तर हलकी लागते आणि आतील तार पात्याने खरवडली की पांढरी निघते. अशी तार वाकविताना तुटते आणि टोकांशी कालांतराने दगा देते. शुद्ध तांब्याची ‘कॅट ६’ किंवा निदान ‘कॅट ५ई’ तार घ्यावी. ती १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट वेग नेते आणि एवढे अंतर आपल्या घरांत सहसा लागत नाही. तारेत आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात. टोकाला प्लग बसविणाऱ्याने त्यांतील एखादा धागा सैल ठेवला तर तार पुष्कळदा चालते, पण वेग दहा पटींनी उतरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या चार तारांपैकी एकीत तसेच झाले होते. स्विचवरच्या दिव्याचा रंग निराळा दिसला म्हणून कळले.

तार विजेच्या तारांच्या नळीतून कधीही नेऊ नये. त्यांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. आणि गोदाम रस्त्यापलीकडे दुसऱ्या इमारतीत असेल तर उघड्यावरून तांब्याची तार ओढूच नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की तिचा झटका या तारेतून थेट संगणकापर्यंत पोहोचतो. तेथे फायबरची तार घालणे शहाणपणाचे ठरते, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.

जोडणी अगदी सोपी आहे. राउटरच्या मागे एक छिद्र निराळ्या रंगाचे वा निराळ्या खुणेचे असते. ते बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचे. त्याला हात लावू नये. बाकीच्या ‘लॅन’ छिद्रांपैकी एकातून तार काढून ती स्विचच्या कोणत्याही छिद्रात लावावी आणि उरलेल्या छिद्रांत आपली यंत्रे. कोणतीही मांडणी करावी लागत नाही, पासवर्डही नाही. आमचे काम अर्ध्या तासात झाले. पुढचे दोन दिवस मात्र आमच्याच हातून झालेल्या चुका निस्तरण्यात गेले.

पहिली चूक माझी. पेढीवर मोबाइललाही चांगले वाय-फाय मिळावे म्हणून घरातला जुना दुसरा राउटर मी स्विचला जोडला. जोडला तो लॅनच्या छिद्रातून, म्हणजे बरोबर. परंतु त्याची पत्ते वाटण्याची व्यवस्था बंद केली नाही. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो. असे क्रमांक देणारे एका घरात दोघे झाले की निम्मी यंत्रे याचा क्रमांक घेतात, निम्मी त्याचा, आणि मग प्रिंटर सापडत नाही, कोणाला इंटरनेट मिळत नाही, कोणाला मिळते. एका पेढीवर दोन दिवाणजी एकाच पुस्तकातून स्वतंत्रपणे पावत्या फाडू लागले तर जे होईल ते झाले. दुसऱ्या राउटरमधील ‘डीएचसीपी’ नावाची सोय बंद केली, त्याचा स्वतःचा क्रमांक बदलला, नाव व पासवर्ड वरच्यासारखेच ठेवले आणि वाहिनी निराळी दिली. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ याच तीन वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत. वर १ आहे, खाली ११ दिली.

दुसरी चूक अक्कांची, आणि ती चूक तरी कशी म्हणावी? रविवारी पेढी झाडून घेताना स्विचमधून निघालेल्या एका तारेचे मोकळे टोक त्यांना जमिनीवर लोळताना दिसले. तारेला पाय लागू नये म्हणून त्यांनी ते उचलून स्विचच्याच रिकाम्या छिद्रात नीट खोचून ठेवले. सोमवारी सकाळी वर-खाली सारे ठप्प. सर्व दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. एकाच तारेची दोन्ही टोके एका स्विचमध्ये गेली की ‘सर्वांसाठी’ म्हणून निघालेला निरोप गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीत पुन्हा वाटला जातो आणि काही क्षणांत जाळे तुंबून जाते. साध्या स्विचला हे ओळखता येत नाही. टोक काढले आणि सारे पूर्ववत झाले.

यानंतर संबंध एकदाही तुटलेला नाही. एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण शेजारचे दोन-तीन व्यापारी ‘स्विच लावल्यावर इंटरनेट किती वेगवान झाले’ असे विचारून गेले. इंटरनेट वेगवान झाले नाही. बाहेरून जेवढे पाणी येते तेवढेच येते. स्विच नवे पाणी आणीत नाही. वाढला तो घरातल्या घरातला वेग आणि भरवसा. ज्यांच्याकडे दोन-तीनच यंत्रे आहेत आणि राउटर त्याच खोलीत आहे त्यांनी स्विचच्या भानगडीत पडूही नये. राउटरच्या मागची छिद्रे त्यांना पुरतात. ज्यांच्याकडे वीज जाते त्यांनी राउटरबरोबर स्विचही इन्व्हर्टरवर घ्यावा. तो मोजकेच वॅट खातो, पण तो बंद पडला तर वर राउटर चालू असूनही खाली काही उपयोग नाही.

आणखी एक सावधगिरी. तारेला पासवर्ड नसतो. पेढीवर आलेल्या कोणीही रिकाम्या छिद्रात आपली तार लावली की तो घरच्या जाळ्यात आला. म्हणून स्विच गल्ल्याच्या मागे, कुलुपाच्या कपाटात ठेवला आहे. ग्राहकांना व वाहतूकदारांना वाय-फाय लागते; त्यांच्यासाठी राउटरमधील ‘पाहुण्यांचे’ वेगळे नाव सुरू केले आहे, ज्यातून इंटरनेट मिळते पण हिशेबाचा संगणक दिसत नाही. हिशेबाच्या फोल्डरला स्वतंत्र पासवर्ड आहे. आणि दिवाणजी रोज सकाळी पेन ड्राइव्हवर प्रत घेतात ती घेतातच. तार कितीही चांगली असली तरी हे काम सुटलेले नाही.

अक्कांच्या प्रसंगानंतर पुतण्याने सुचविले की प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी असावी. पोत्यांवर वाण आणि वजन लिहिण्यासाठी आबा ज्या जाड पट्ट्या वापरतात त्याच घेतल्या. ‘दिवाणजी’, ‘प्रिंटर’, ‘गोदाम कॅमेरा’, ‘वर राउटर’ अशी नावे आबांनी स्वतःच्या हाताने लिहिली आणि मुलाने ती तारांना बांधली. सर्वांत शेवटच्या पट्टीवर आबांनी वाय-फायचा नवा पासवर्ड लिहिला आणि ती बांधायला न देता त्याच्या हातात ठेवली.